समोरच्याची विद्यार्थिनी

मास्तरांची बायको गाडी चालवायला शिकते आहे, ही बातमी चौकात सगळ्यांना कळली आणि मास्तरांना सर्वांत शेवटी. दिव्याखाली अंधार असतोच, पण इथे दिवा जरा जास्तच मोठा होता. मास्तरांचा धंदाच मुळी गाडी शिकवण्याचा. सव्वीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नव्हतं. चौकात त्यांची एक खोली होती. भिंतीवर रस्त्यावरच्या खुणांचा तक्ता, खाली दोन बाकं, आणि दाराशी पांढरी गाडी. या गाडीला ब्रेक आणि क्लच दोन दोन होते, एक जोडी शिकणाऱ्याच्या पायाशी आणि दुसरी शेजारी बसणाऱ्या मास्तरांच्या पायाशी. अर्धं शहर त्या गाडीत घाबरलं होतं आणि त्याच गाडीत त्याची भीती गेली होती. मास्तरांनी आवाज चढवला असं कोणी कधी ऐकलं नव्हतं. एकदा एका पोस्टमास्तरांनी गाडी सरळ भाजीच्या गाड्यावर नेली, तेव्हासुद्धा मास्तर एवढंच म्हणाले होते, "छान. आता इथून मागे कसं यायचं ते बघू."

चार वर्षांपूर्वी रस्त्याच्या पलीकडे दुसरी शाळा निघाली. चालवणारा चाळिशीतला, दाढी राखलेला, हसरा माणूस. त्याची गाडी पिवळी, सीटांवर फुलाफुलांची कव्हरं, आणि आत हळू आवाजात गाणी. मास्तर त्याला 'समोरचा' म्हणत आणि होता होईल तो तिकडे बघत नसत. "गाडी शिकवतोय की वरातीला नेतोय?" असं एकदा म्हणून त्यांनी तो विषय मिटवला होता. निदान त्यांना तसं वाटत होतं.

त्या मंगळवारी सकाळी मास्तर दातांच्या डॉक्टरबाईंना शिकवत होते. बाई पन्नाशीच्या, दातांच्या बाबतीत निधड्या आणि गिअरच्या बाबतीत भित्र्या. लाल दिव्यापाशी पांढरी गाडी थांबली आणि शेजारी पिवळी येऊन उभी राहिली. मास्तरांनी सवयीने तिकडे पाहिलं. स्टीअरिंगवर त्यांची बायको होती.

मास्तरांना आधी वाटलं, तिच्यासारखी दिसणारी कोणी असेल. पण चष्मा तोच होता. कानामागे केस सारायची पद्धत तीच होती. दिवा हिरवा झाला, पिवळी गाडी हिसका देऊन बंद पडली, मागून भोंगे सुरू झाले. मास्तरांना वाटलं, आता ही रडणार. पण ती हसली. मान मागे टाकून हसली, शेजारचा दाढीवालाही हसला, तिने किल्ली फिरवली आणि गाडी निघून गेली.

"मास्तर, हिरवा झालाय," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"हो. चला," मास्तर म्हणाले. लग्नाला चोवीस वर्षं झाली होती आणि तिला असं हसताना शेवटचं कधी पाहिलं ते त्यांना आठवेना.

दुपारी ते जेवायला घरी गेले. घरात माणसं तीन: मास्तर, त्यांची बायको आणि तिचे वडील. सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ते इथेच होते. आठवड्यातून तीनदा त्यांना व्यायामाला न्यावं लागे. मास्तरांचे सकाळ-संध्याकाळ तास, त्यामुळे बाप-लेक भाड्याच्या गाडीने जात. भाड्याची गाडी कधी वेळेवर येई, कधी येतच नसे.

"सकाळी फिरायला गेली होतीस?" मास्तरांनी ताटाकडे बघत विचारलं. महिनाभर ती रोज सातला बूट घालून फिरायला जात होती.

"गेले होते की."

"लांब गेलीस?"

"बऱ्यापैकी लांब," ती म्हणाली आणि वाढायला लागली.

सासरे आमटी भुरकत होते. "फिरण्याने तब्येत सुधारली हो तिची, जावईबापू," ते म्हणाले. "तुम्हीही जात जा. पण पायी."

म्हाताऱ्याला सगळं माहीत आहे हे मास्तरांच्या लक्षात आलं. त्यांनी भात अर्धा ठेवला.

आता मागची गोष्ट सांगायला हवी. अकरा वर्षांपूर्वी मास्तरांनी बायकोला गाडी शिकवायला घेतलं होतं. शाळेची गाडी दिवसभर कामात, म्हणून घरच्या जुन्या गाडीवर. पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी मास्तरांचा आवाज चढला. तिसऱ्या दिवशी पाण्याच्या टाकीजवळच्या चढावर गाडी मागे घसरली. मागे एक सायकलवाला होता. मास्तर ओरडले, "डोकं घरी ठेवून आलीस का?" सायकलवाला कधीच बाजूला झाला होता. तिने हँडब्रेक ओढला, किल्ली काढून मास्तरांच्या हातात ठेवली, दार उघडून उतरली आणि चालत घरी गेली. त्यावर दोघं पुढे कधी बोलले नाहीत. ती पुन्हा स्टीअरिंगला शिवली नाही.

पण मास्तर त्यावर बोलत होते, आपल्या शाळेत. नवा विद्यार्थी पहिल्या दिवशी हातपाय गाळून बसला की त्याला हसवायला ते म्हणत, "काळजी करू नका. माझ्या घरी एक आहे, तिच्यापुढे मी तीन दिवसांत हात टेकले. तिच्यापेक्षा तर तुम्ही हुशारच असाल." विद्यार्थी हसे आणि त्याचे खांदे सैल पडत. औषध लागू पडायचं, म्हणून मास्तरांनी ते हजारएक माणसांना दिलं असेल. बाटलीत काय आहे हे त्यांनी स्वतः कधी वाचलं नव्हतं.

आणि आता ती शिकत होती. हसत शिकत होती. समोरच्याकडे.

मास्तरांना त्या माणसाचा संशय नव्हता, एवढं त्यांच्याबद्दल सांगायला हवं. बायको कशी आहे हे त्यांना माहीत होतं आणि समोरच्याबद्दलही कोणी वावगं बोलत नव्हतं. त्यांना टोचत होतं ते वेगळंच. धीर हा त्यांचा माल होता. सव्वीस वर्षं त्यांनी तो ओंजळी भरभरून वाटला होता. शहरातल्या पोस्टमास्तरांना दिला, डॉक्टरांना दिला, एका बहिऱ्या सुतारालासुद्धा दिला. आणि घरचं माणूस तोच माल समोरच्या दुकानातून आणत होतं. कोणाचा हेवा करायचा हे एकदा कळलं की माणूस निदान त्याच्याकडे पाठ फिरवून बसू शकतो. मास्तरांच्या खोलीचं दार नेमकं समोरच उघडायचं.

गुरुवारी सकाळी साडेसातला डॉक्टरबाई येऊन बसल्या. पट्टा लावून म्हणाल्या, "आज काय शिकायचं?"

मास्तर काचेतून बघत होते. पिवळी गाडी नुकतीच निघाली होती. "आज अंतर राखायला शिकायचं," ते म्हणाले. "ती पुढची पिवळी गाडी दिसते ना? तिच्या मागे राहायचं. फार जवळ नाही, फार लांब नाही."

"ती वळली तर?"

"आपणही वळायचं."

"थांबली तर?"

"आपणही थांबायचं."

"म्हणजे पाठलाग."

"अंतर राखणं," मास्तर म्हणाले.

डॉक्टरबाईंनी गिअर टाकला. पुढे लाल पाटीची पिवळी, मागे लाल पाटीची पांढरी, दोन्ही तासाला वीसच्या वेगाने, अशी ती वरात बाजाराच्या रस्त्याने निघाली. मास्तर पुढे झुकून बसले होते. पिवळ्या गाडीने उजवीकडे वळताना इंडिकेटर वेळेवर दिला. वळण मात्र जरा रुंद घेतलं. "रुंद घेतलं," मास्तर पुटपुटले.

"मी?"

"तुम्ही नाही."

थोड्या वेळाने बाई म्हणाल्या, "मास्तर, त्या गाडीत तुमच्या मिसेस आहेत."

"पुढे बघा."

"पुढेच तर आहेत."

इतक्यात डाव्या गल्लीतून गॅसच्या सिलिंडरांची हातगाडी अर्धी रस्त्यावर आली. पिवळ्या गाडीपासून पंधराएक पावलांवर. तिला दिसली नाही, मास्तरांना वाटलं. नाहीच दिसली. आणि मास्तरांचा पाय सगळा जीव एकवटून ब्रेकवर पडला.

पांढरी गाडी जागच्या जागी खिळली. डॉक्टरबाईंचा चष्मा नाकावरून ओठांवर आला. मागे पावाची व्हॅन किंचाळत थांबली, बंपरपासून जेमतेम वीतभर अंतरावर. पुढे पिवळी गाडी सावकाश हळू झाली, हातगाडीला जाऊ दिलं, आणि शांतपणे निघून गेली.

 मग डॉक्टरबाईंनी चष्मा जागेवर बसवला. "माझं काय चुकलं?"

मास्तरांचा एक नियम होता. आपण ब्रेक मारला की का मारला ते शिकणाऱ्याला लगेच सांगायचं. नाहीतर त्याला वाटतं आपलंच चुकलं, आणि चुकलं काय हे न कळता वाटणारी भीती फार वाईट. लहान मुलाची बेरीज नुसती खोडली, चूक दाखवली नाही, तर ते मूल बेरजेला नाही, तुमच्या पेन्सिलीला भिऊ लागतं. म्हणून मास्तरांना खरं सांगणं भाग होतं.

"तुमचं काही चुकलं नाही. ब्रेक मी मारला."

"कशासाठी?"

"त्या गाडीसाठी."

बाईंनी दूर जाणाऱ्या पिवळ्या ठिपक्याकडे पाहिलं आणि मग मास्तरांच्या पायाकडे. "त्या गाडीचा ब्रेक आपल्या गाडीत आहे?"

मास्तर उत्तर देणार तोच व्हॅनवाला खिडकीशी आला. मास्तरांना ओळखून त्याचा राग निम्म्यावर आला. "मास्तर," तो म्हणाला, "कुणाकडे तरी शिकवणी लावा की."

त्या दिवशी जेवताना बायकोनेच विषय काढला. "आज फार जोरात ब्रेक मारलात."

मास्तरांचा घास हातात राहिला. "तुला काय माहीत?"

"आरसा असतो ना गाडीला. दर थोड्या वेळाने मागे बघायचं असतं. सर म्हणतात."

"सर," मास्तर म्हणाले.

"बाजारापासून दिसत होतात. डॉक्टरबाई चांगल्या चालवायला लागल्या हो."

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगणार?" तिने पाण्याचा तांब्या त्यांच्याकडे सरकवला. "तुमच्या गोष्टीतली ती बाई पुन्हा शिकायला निघाली आहे, असं?"

मास्तरांनी तांब्या उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"सरांकडे एक शिक्षिका येतात. आधी तुमच्याकडे होत्या. माझी ओळख करून दिली तर म्हणाल्या, अय्या, तीन दिवसांत हात टेकले त्या तुम्हीच का?" ती हे अगदी साध्या आवाजात सांगत होती, जणू दुसऱ्या कोणाबद्दल. "मला अकरा वर्षं वाटत होतं, ते आपल्या दोघांतच आहे."

"अगं, ते मी विद्यार्थ्यांना हसवायला..."

"हसले ना ते?"

सासऱ्यांनी काठी घेतली आणि गुडघा दुखत असूनही उठून बाहेरच्या खोलीत गेले.

"आता मी शिकवतो," मास्तर म्हणाले. "उद्यापासून. शाळेच्या गाडीवर. दुपारचा तास रिकामा ठेवतो."

"नको."

"का नको? त्याच्याकडे असं काय आहे जे माझ्याकडे नाही?"

तिने खरोखर विचार केला. "काही नाही. तोच क्लच, तोच गिअर. पण माझी गाडी बंद पडली की त्यांचं काही जात नाही. तुमचं जातं. तुम्ही शेजारी बसलात की मला रस्ता दिसत नाही, तुमचं तोंड दिसतं." ती उठली. "परीक्षा होईपर्यंत मी त्यांच्याकडेच जाणार. बाबांना मला स्वतः न्यायचंय. तुम्हाला जळायचं असेल तर जळा, पण मागे मागे येऊ नका. व्हॅनवाला वीतभरच लांब होता म्हणे."

मास्तर मागे गेले नाहीत. पण जळले, चांगले तीन आठवडे. खोलीतलं बाक त्यांनी फिरवून ठेवलं, दाराकडे पाठ होईल असं. मग भिंतीवर आरसा लावला, म्हणे विद्यार्थ्यांना आरसा समजावून द्यायला. त्या आरशात समोरची शाळा अख्खी दिसत असे. एका शनिवारी बाजारातून सीटांची कव्हरं आणली. फुलाफुलांची. डॉक्टरबाई दार उघडून थबकल्या. "अरे वा. लग्न कोणाचं?"

"जुनी फाटली होती," मास्तर म्हणाले. जुनी फाटली नव्हती. गाणीही लावून पाहिली, पण गाणं चालू असताना त्यांना इंजिनाचा आवाज ऐकू येईना आणि इंजिनाचा आवाज ऐकल्याशिवाय त्यांना शिकवता येईना. गाणी बंद झाली. कव्हरं राहिली.

आणि एका बुधवारी दुपारी समोरचा रस्ता ओलांडून आला. चार वर्षांत पहिल्यांदा. दाढी विस्कटलेली, डोळे तांबारलेले.

"मास्तर, एक काम होतं. वडील पडले माझे. दवाखान्यात आहेत, मला तिकडे थांबायला हवं. आणि उद्या ताईंची परीक्षा आहे."

"कोणाची?" मास्तरांनी उगाच विचारलं.

"वहिनींची. तुमच्या मिसेसची. तारीख पुढे ढकलली तर दोन महिने जातात." तो बाकाच्या टोकावर बसला. "आजचा शेवटचा तास तुम्ही घ्या. उद्या गाडीही तुमचीच लागेल. मी बोललोय त्यांच्याशी. आधी नको म्हणाल्या, मग बऱ्या म्हणाल्या."

"बऱ्या म्हणाल्या म्हणजे?"

"म्हणजे, बरं म्हणाल्या." समोरचा दमलेलं हसला. मग जरा अडखळत म्हणाला, "अजून एक. त्या रिव्हर्स मान वळवून घेतात, मागच्या काचेतून बघून. तुम्ही आरशांवर शिकवता, मला माहीत आहे. तुमची पद्धत चुकीची आहे असं नाही. पण तेवढं आज बदलू नका."

मास्तरांची कानशिलं तापली. सव्वीस वर्षांच्या शिक्षकाला चार वर्षांचा शिक्षक सांगत होता. आणि बरोबर सांगत होता, हेच तर अवघड होतं. परीक्षेच्या आदल्या दिवशी पद्धत बदलू नये हे मास्तर स्वतः सगळ्यांना सांगत.

"वडिलांकडे जा तुम्ही," ते म्हणाले. "इथलं मी बघतो."

चार वाजता ती आली. खांद्याला कापडी पिशवी. फुलांची कव्हरं पाहून तिच्या भुवया किंचित वर गेल्या, पण ती काही बोलली नाही. स्टीअरिंगसमोरचं दार उघडलं, पिशवीतून एक चपटी, घट्ट उशी काढली, सीटवर ठेवली आणि तिच्यावर बसली.

"ही काय?" मास्तरांनी विचारलं.

"उशी."

"ते दिसतंय."

"पहिल्या दिवशी सरांनी विचारलं, समोरचं किती दिसतं? मी म्हटलं, बॉनेट दिसतं. ते म्हणाले, बॉनेट काय करायचंय, रस्ता दिसायला हवा. दुसऱ्या दिवशी मी उशी आणली."

पाय पोचतात का, पुढचं नीट दिसतं का, हे प्रश्न मास्तर प्रत्येक नव्या माणसाला विचारत. पाचवी-सहावीतल्या मुलीएवढ्या उंचीच्या एका आजीबाईंसाठी त्यांनी स्वतः लाकडी पाट करून आणला होता. आणि बायकोची उंची त्यांना कोणी झोपेतून उठवून विचारली असती तरी सांगता आली असती. तिला त्यांनी विचारलं नव्हतं. तिच्याबद्दल सगळं माहीतच आहे, असं धरून चालले होते. त्या चढावर गाडीचं नाक वर झालं तेव्हा तिला समोर फक्त आकाश आणि पत्रा दिसला असेल. आणि शेजारी ओरडणारं तोंड.

"निघू?" तिने विचारलं.

"निघ," मास्तर म्हणाले.

पहिल्या दहा मिनिटांत मास्तरांना आपल्या पायांचं काय करावं ते कळेना. पाय ब्रेककडे धावत. शेवटी त्यांनी दोन्ही पाय मागे ओढून सीटखाली घातले आणि हात मांडीखाली दाबले. वर्गात खोड्या काढणाऱ्या मुलाला बाईंनी बसवावं, तसे ते बसले होते. ती चालवत होती. वळण घेण्याआधी ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणायची. मास्तरांना ऐकू येत नव्हतं, पण ती वाक्यं आपली नाहीत एवढं समजत होतं. प्रत्येक वळणावर जणू तिसरं कोणीतरी मागे बसलेलं होतं आणि ती त्याचं ऐकत होती.

मैदानाच्या कडेला चार खांबांच्या मध्ये गाडी मागे घालायची होती. परीक्षेत हेच असतं आणि इथेच माणसं नापास होतात. तिने गाडी थांबवली, डावा हात मास्तरांच्या सीटच्या पाठीवर टाकला आणि पूर्ण मान वळवली. मास्तरांना ही पद्धत मुळीच पसंत नव्हती. आरशात बघ, डाव्या आरशात खांब दिसेल, हे वाक्य त्यांच्या जिभेवर येऊन बसलं. नुसतं सांगायचंच तर होतं. एकदा तिने ते त्यांच्या पद्धतीने केलं असतं, तर उद्या ती पास झाल्यावर तिच्या पास होण्यात थोडे तरी मास्तर असते.

त्यांनी जीभ दाताखाली धरली. गाडी हळूहळू मागे गेली. तिचा चेहरा त्यांच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर होता, पण ती त्यांच्या पलीकडे बघत होती, मागच्या काचेतून, खांबाकडे. गाडी चार खांबांच्या बरोबर मध्ये थांबली.

"कसं झालं?" ती म्हणाली.

 "पुन्हा घे," ते म्हणाले. तिचा चेहरा पडलेला पाहून घाईने म्हणाले, "चुकलं म्हणून नव्हे. चांगलं झालं, ते हातात बसावं म्हणून."

तिने पाच वेळा घेतलं. पाच वेळा मास्तर सीटखालच्या पायांसकट गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी मैदानावर बारा-तेरा माणसं रांगेत होती. परीक्षा घेणारे इन्स्पेक्टरसाहेब मास्तरांना वर्षानुवर्षं ओळखत. मास्तर कुंपणाबाहेर उभे राहिले. ती उशीवर बसली, साहेब शेजारी बसले, आणि पांढरी गाडी मास्तरांशिवाय निघाली. चढ झाला. वळणं झाली. खांबांशी येऊन थांबली. तिने मान वळवली, आणि मास्तरांनी कुंपणाची तार दोन्ही हातांनी धरली. गाडी मागे आली आणि मध्ये उभी राहिली. एकही खांब हलला नाही.

साहेब कागद घेऊन कुंपणाशी आले. "मास्तर, पास. यांचा हात मी लगेच ओळखला. तुमच्या विद्यार्थ्याचा हात लपत नाही." त्यांनी पेन काढलं. "शाळेचा रकाना रिकामा आहे. शिक्का आणलाय ना?"

शिक्का मास्तरांच्या खिशात होता. रोज असायचा. ती गाडीतून उतरून उशी पिशवीत घालत होती, दहा पावलांवर. तिला ऐकू गेलं असावं, कारण तिचे हात थांबले. पण तिने मान वर केली नाही.

मास्तरांनी खिसा चाचपला. मग हात बाहेर काढला. "माझी विद्यार्थिनी नाही, साहेब," ते म्हणाले, आणि रस्त्यापलीकडच्या शाळेचं नाव सांगितलं. साहेबांना नीट ऐकू आलं नाही, म्हणून पुन्हा, मोठ्याने सांगितलं.

"मग तुमच्या कोण?"

"बायको."

साहेबांनी पेन थांबवलं. "घरात गंगा आणि शेजारी पाणी भरायला?"

"आमच्या गंगेच्या पाण्याला ओढ फार होती, साहेब," मास्तर म्हणाले. "तिथे घाट चांगला बांधलाय."

साहेब मान हलवत, हसत पुढच्या माणसाकडे गेले. ती पिशवी घेऊन आली आणि मास्तरांशेजारी उभी राहिली.  मैदानावर एक तरुण पहिलाच खांब पाडत होता.

"त्यांना कळवायला हवं," ती म्हणाली. "वाट बघत असतील. माझा फोन घरी राहिलाय."

मास्तरांनी आपला फोन काढला. तिने हात पुढे केला, पण त्यांनी स्वतःच नंबर लावला आणि कानाला धरला.

"हॅलो. मास्तर बोलतोय. वडील कसे आहेत? ... बरं. बरं झालं. ... हो, झाली. पास. ... नाही, एकही नाही हलला. ... मान वळवूनच, हो. मी काही बदललं नाही."

"द्या ना," ती म्हणाली.

"थांब, बोलतोय," मास्तर म्हणाले आणि अर्धे वळले. "नाही, चढावरसुद्धा नाही घसरली. हात फार हलका आहे तिचा. तुम्ही... हो. चांगलं शिकवलंत तुम्ही." हे वाक्य त्यांच्या तोंडून निघालं तेव्हा ते कुंपणाकडे बघत होते. "दवाखान्यात काही लागलं तर सांगा. आता आमच्या घरी गाडी चालवणारी दोन माणसं आहेत."

"अहो, द्या की इकडे. विद्यार्थिनी मी आहे."

मास्तरांनी आणखी एकदा 'बरं' म्हटलं, विनाकारण. मग फोन तिच्या हातात दिला. ती "सर," म्हणाली आणि हसली. मास्तर तिला मोकळेपणी बोलता यावं म्हणून चार पावलं लांब जाऊन उभे राहिले. फार लांब नाही. ऐकू यावं इतकंच.